आरोपीचे मौन : पटकथाकार विजय तेंडुलकर यांच्याविषयी एक संवाद

विजय तेंडुलकर (१९२८–२००८) यांच्याविषयी मराठीत जे विपुल लिहिले गेले आहे, त्यातील बहुतेक लेखन ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘गिधाडे’, ‘सखाराम बाइंडर’ आणि ‘घाशीराम कोतवाल’ या नाटकांभोवती फिरते, आणि त्यांच्या चित्रपटलेखनाची दखल बहुधा चरित्राच्या शेवटी, पुरस्कारांच्या यादीलगत, एकदोन परिच्छेदांत घेतली जाते. वास्तविक सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून १९८३ पर्यंतच्या अवघ्या काही वर्षांत ‘सामना’, ‘निशांत’, ‘मंथन’, ‘सिंहासन’, ‘आक्रोश’, ‘आक्रीत’, ‘उंबरठा’ आणि ‘अर्धसत्य’ या चित्रपटांच्या पटकथा त्यांनी लिहिल्या, आणि ज्याला समांतर चित्रपट म्हटले जाते, म्हणजे व्यावसायिक चित्रपटाचे ठरीव साचे नाकारून सामाजिक वास्तवाकडे वळलेला जो प्रवाह त्या काळात उभा राहिला, त्याचा पाया घालण्यात एवढा मोठा वाटा असलेला दुसरा पटकथाकार दाखवणे कठीण आहे. पटकथा म्हणजे चित्रपटाची दृश्यानुसार केलेली लेखी बांधणी. कोणता प्रसंग कोठे, कोणत्या क्रमाने आणि किती अवकाशात घडावा, त्यात काय दिसावे, काय ऐकू यावे आणि काय प्रेक्षकापासून राखून ठेवावे, हे ती ठरवते. कथा आणि संवाद ही तिला लागून असलेली दोन कामे होत, आणि भारतीय चित्रपटांत ती पुष्कळदा वेगवेगळ्या लेखकांकडे सोपवलेली असतात व श्रेयनामावलीतही त्यांचा वेगवेगळा उल्लेख असतो. ही विभागणी पुढील चर्चेत महत्त्वाची ठरते.

तेंडुलकरांचे चित्रपटलेखन त्यांच्या नाट्यलेखनाचीच पडद्यावर पसरलेली शाखा आहे, की ते निराळ्या संस्कारांतून घडलेले स्वतंत्र कर्तृत्व आहे, याविषयी दोन भूमिका घेतल्या जातात. येथे त्या दोन कल्पित अभ्यासकांच्या मुखी घातल्या आहेत : एक नाट्यशास्त्राच्या ज्येष्ठ प्राध्यापिका, आणि दुसरे त्यांच्याहून वयाने लहान असलेले, पटकथालेखन शिकविणारे अध्यापक.

प्राध्यापिका : सर, तेंडुलकरांचा पिंड नाटककाराचा होता याची साक्ष त्यांचे बालपणच देते. त्यांचे वडील धोंडोपंत लाँगमन्स ग्रीन या ब्रिटिश प्रकाशनसंस्थेत कारकून होते आणि हौशी रंगभूमीवर लेखन, दिग्दर्शन व अभिनय अशी तिन्ही कामे करीत. मुलाला ते तालमींना घेऊन जात. ओळखीची माणसे बघता बघता दुसरीच कोणी होतात, मिशा असलेला गृहस्थ स्त्रीच्या आवाजात बोलू लागतो, हे ज्याने इतक्या कोवळ्या वयात पाहिले आणि ज्याने अकराव्या वर्षी स्वतः नाटक लिहून, बसवून त्यात काम केले, त्याच्या लेखनाचे मूळ अन्यत्र शोधण्याचे कारण नाही. चित्रपटवाले त्यांच्याकडे आले तेही नाटकामुळेच. सत्यदेव दुबे यांनी १९७१ मध्ये ‘शांतता!’ हे नाटकच पडद्यावर नेले; जब्बार पटेल यांनी १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आणले आणि त्याच सहवासातून ‘सामना’ जन्माला आला. रंगभूमीने घडवलेला लेखक चित्रपटाने उचलला, इतकाच याचा अर्थ आहे.

अध्यापक : बाई, तालमींचा संस्कार नाकारण्याचे कारण नाही, परंतु तो एकटा नव्हता. १९४२ च्या चळवळीत, वयाच्या चौदाव्या वर्षी, तेंडुलकरांचे शालेय शिक्षण सुटले, आणि पुण्यातील त्या दिवसांत शाळेऐवजी चित्रपटगृहात बसून आपण दृश्याची भाषा शिकलो, असे त्यांनी पुढे सांगितले आहे. त्यानंतर आली पत्रकारिता. ‘नवभारत’, ‘मराठा’, ‘लोकसत्ता’ अशा वृत्तपत्रांत त्यांनी उमेदीची वर्षे काढली. उपसंपादकाचे काम म्हणजे आलेला मजकूर कापणे, घटनेतील कर्ता कोण आणि कोणावर काय गुदरले हे पहिल्या दोन ओळींत आणणे, आणि विशेषणे काढून टाकणे. पटकथाकाराला हेच करावे लागते. त्यात भर पडली ती नेहरू शिष्यवृत्तीची. तिच्या निमित्ताने सत्तरीच्या दशकात त्यांनी देशातील हिंसेच्या बदलत्या स्वरूपाचा अभ्यास केला. ‘निशांत’ ते ‘अर्धसत्य’ हे चित्रपट ज्या काळात लिहिले गेले तो काळ या अभ्यासाच्या पाठोपाठचा आहे, ही बाब केवळ योगायोग म्हणून सोडून देण्यासारखी नाही.

प्राध्यापिका : परंतु हिंसा ‘गिधाडे’त होती, ‘सखाराम’मध्ये होती. ती शिष्यवृत्तीने दिली नाही.

अध्यापक : हिंसा होती, पण ती घरात होती. ‘गिधाडे’तील माणसे चार भिंतींच्या आत एकमेकांचे लचके तोडतात. चित्रपटांत ती हिंसा जमीनदारी, साखर कारखाना, न्यायालय, पोलीस ठाणे आणि मंत्रालय यांच्यापर्यंत जाऊन पोहोचते आणि संस्थांच्या रोजच्या कारभारात मुरलेली दिसते. व्यक्तीच्या क्रौर्याकडून व्यवस्थेच्या क्रौर्याकडे झालेला हा प्रवास घडवण्यात पत्रकाराच्या भटकंतीचा वाटा आहे, असे मानायला हवे.

चरित्रातील संस्कारांची अशी वाटणी कितीही नेटकी वाटली तरी तिने प्रश्न सुटत नाही, कारण एकाच बालपणातून आणि एकाच नोकरीतून दोन निराळे लेखक निघू शकतात. निवाडा कलाकृतींच्या तुलनेनेच होऊ शकतो, आणि तेंडुलकरांच्या बाबतीत ही तुलना करण्याची दुर्मीळ सोय उपलब्ध आहे. कारण त्यांचे एक अत्यंत गाजलेले नाटक आणि त्यांची एक अत्यंत महत्त्वाची पटकथा या दोहोंच्या केंद्रस्थानी खटला आहे आणि दोहोंतील आरोपी गप्प आहे.

अध्यापक : ‘शांतता!’मधील लीला बेणारे ही शिक्षिका सहकलाकारांनी गंमत म्हणून मांडलेल्या अभिरूप न्यायालयात, म्हणजे खेळातल्या खोट्या खटल्यात, आरोपी ठरते आणि पाहता पाहता खेळ संपून तिच्या खाजगी आयुष्याची चिरफाड सुरू होते. शेवटी बचावाचे भाषण करण्यासाठी तिला काही सेकंद दिले जातात. ती उभी राहते आणि गप्प राहते. त्याच क्षणी रंगमंचावरील इतर सर्व माणसे थिजतात आणि बेणारे आपले दीर्घ स्वगत बोलते. तेथील न्यायालयाने ते ऐकलेले नाही, परंतु प्रेक्षकाने ऐकले आहे. ‘आक्रोश’मधील लहान्या भिकू या आदिवासी मजुरावर पत्नीच्या खुनाचा आरोप आहे. सरकारने दिलेला तरुण वकील भास्कर कुलकर्णी त्याच्यासमोर पुन्हा पुन्हा जाऊन बसतो, विनवतो, चिडतो, आणि लहान्या त्याच्याशी एक शब्दही बोलत नाही. त्याच्या पत्नीचे काय झाले हे प्रेक्षकाला कळते ते फ्लॅशबॅकमधून, म्हणजे कथेचा चालू काळ थांबवून मागील घटना दाखवणाऱ्या दृश्यांतून. लहान्या ते कोणालाही सांगत नाही. ज्या लेखकाने बेणारेला मराठी रंगभूमीवरील अविस्मरणीय स्वगतांपैकी एक दिले, त्यानेच लहान्याला स्वगत नाकारले. हा फरक नाटकाच्या विस्ताराने समजावता येणार नाही.

प्राध्यापिका : तो फरक माध्यमाचा आहे, सर, आणि त्याचे श्रेय मौन लिहिणाऱ्यापेक्षा ते दाखवणाऱ्याकडे जाते. ‘आक्रोश’मधील मौन म्हणजे ओम पुरी यांचा चेहरा आणि त्या चेहऱ्यावर स्थिरावलेला गोविंद निहलानी यांचा कॅमेरा, निहलानी तेथे दिग्दर्शकही आहेत आणि छायालेखकही. कागदावर ‘तो गप्प राहतो’ एवढेच लिहिले जाते. चित्रपटाचा खरा कर्ता दिग्दर्शक, हा विचार पन्नाशीच्या दशकात पॅरिसच्या ‘काइये द्यु सिनेमा’ या नियतकालिकातील तरुण समीक्षकांनी मांडला. त्यात अतिशयोक्ती असेलही, परंतु मौनाच्या बाबतीत तो विचार बराचसा खरा वाटतो.

अध्यापक : ‘तो गप्प राहतो’ हे लिहिणे सोपे, ते गप्प राहणे दीड-दोन तास सोसवेल अशी रचना करणे अवघड. त्यासाठी सभोवतीच्या प्रत्येकाला बोलते ठेवावे लागते, आणि प्रत्येकाच्या बोलण्यातून मौनाचे एकेक कारण कळू द्यावे लागते. दुसाणे या सरकारी वकिलाचे पात्र पाहावे. ते स्वतः आदिवासी आहेत, शिकून वर आले आहेत, भास्करला त्यांनीच वकिली शिकवली आहे, आणि आता तेच लहान्याविरुद्ध खटला चालवीत आहेत. त्यांना निनावी, जातीवाचक शिव्यांचे दूरध्वनी येतात आणि गावातल्या बड्या मंडळींबरोबर पत्ते खेळताना ते सारे गिळून बसतात. म्हणजे एकाच समाजातील दोन माणसे गप्प आहेत : एकाजवळ शब्द नाहीत, आणि दुसऱ्याजवळ कायद्याची सारी भाषा असूनही स्वतःसाठी वापरण्याजोगा एक शब्द नाही. ही जोडी कॅमेऱ्याने सापडत नाही. ती लिहावी लागते. शेवटी पित्याच्या अंत्यविधीसाठी बेड्या घालून आणलेला लहान्या, ज्या नजरांनी पत्नीचा घास घेतला त्याच नजरा तरुण बहिणीकडे वळलेल्या पाहतो, कुऱ्हाड उचलून बहिणीलाच मारतो, आणि मग त्याचा आवाज पहिल्यांदा फुटतो, तोही किंकाळी होऊन. ती किंकाळी परिणामकारक ठरते, कारण तोपर्यंतचा एकही शब्द लेखकाने त्याच्यासाठी खर्च केलेला नाही.

या मुद्द्यावर प्राध्यापिकांच्या आक्षेपापेक्षा अध्यापकांचे विवेचन अधिक भक्कम आहे, आणि त्याला श्रेयनामावलीतील एका वस्तुस्थितीचा आधार मिळतो, जिच्याकडे मराठी समीक्षेचे लक्ष आश्चर्य वाटावे इतके कमी गेले आहे. तेंडुलकरांची सर्वांत मोठी ख्याती संवादांची. मराठी मध्यमवर्गाचे तुटक, अर्धवट सोडलेले, आत काही दडवणारे बोलणे त्यांच्याइतके अचूक कोणी पकडले नाही. परंतु त्यांच्या प्रमुख हिंदी चित्रपटांचे संवाद त्यांचे नाहीत. ‘निशांत’ आणि ‘आक्रोश’चे संवाद सत्यदेव दुबे यांचे, ‘मंथन’चे कैफी आझमी यांचे, ‘अर्धसत्य’चे वसंत देव यांचे. ‘मंथन’ची कथा श्याम बेनेगल आणि वर्गीस कुरियन यांची आहे, तरीही १९७६ च्या चित्रपटांसाठीचा सर्वोत्कृष्ट पटकथेचा राष्ट्रीय पुरस्कार त्या चित्रपटासाठी तेंडुलकरांना मिळाला. ‘अर्धसत्य’च्या बाबतीत फिल्मफेअरने कथेचा पुरस्कार ‘सूर्य’ ही मूळ कथा लिहिणारे श्री. दा. पानवलकर यांना आणि पटकथेचा तेंडुलकरांना दिला. ज्या लेखकाकडून त्याचे सर्वांत मोठे शस्त्र काढून घेतले गेले आणि तरीही ज्याच्या कामाला त्याच क्षेत्रातील जाणकारांनी वेगळे ओळखले, त्याचे कर्तृत्व संवादापलीकडे होते, हे यावरून उघड होते.

प्राध्यापिका : मग मराठी चित्रपटांचे काय? ‘सामना’चे संवाद त्यांचेच आहेत, आणि तो चित्रपट आजही जिवंत आहे तो संवादांमुळे. साखर कारखान्याचा धनी हिंदुराव धोंडे पाटील आणि गावात येऊन पडलेला व्यसनी, फाटका मास्तर ही दोन माणसे समोरासमोर बसतात, मास्तर बेपत्ता झालेल्या मारुती कांबळेविषयी विचारीत राहतो, आणि त्या एका प्रश्नाच्या आवर्तनांनी पाटलाचा सारा डोलारा खिळखिळा होतो. निळू फुले आणि श्रीराम लागू यांच्यातील ही प्रश्नोत्तरे म्हणजे दोन पात्रांचे नाटक आहे. बर्लिनच्या महोत्सवात १९७५ मध्ये जे गेले ते पडद्यावरचे नाटक होते, असे म्हटल्यास त्यात ‘सामना’चा कमीपणा नाही.

अध्यापक : ‘सामना’पुरते ते मान्य करायला हवे, बाई. परंतु त्याचे मूळही संस्थात्मक सत्तेत आहे. सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने उभा राहिलेला नवा सत्ताधीश त्या आधी मराठी पडद्यावर इतक्या नेमकेपणाने आलेला नव्हता. तमाशापटातील पाटील वाड्यावर बसून लावणी पाहत असे. हा पाटील हिशेब पाहतो आणि विकासाची भाषा बोलतो. हे पात्र वार्ताहराच्या नजरेने हेरलेले आहे.

‘सामना’विषयी प्राध्यापिकांचे म्हणणे खरे आहे. त्या चित्रपटाची ताकद संघर्षाच्या नाट्यमय बांधणीत आहे, आणि तेंडुलकर ती रंगभूमीवरूनच घेऊन आले होते. मात्र चारपाच वर्षांतच आलेल्या ‘सिंहासन’मध्ये (१९७९) हे सारे बदलले. अरुण साधू यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्यांची एक पटकथा करायची, म्हणजे मुख्यमंत्री, बंडाच्या तयारीतला अर्थमंत्री, कामगारपुढारी, तस्कर आणि झोपडपट्टीतला बेकार तरुण अशी परस्परांना क्वचितच भेटणारी माणसे दोन-अडीच तासांत एका शहराच्या जाळ्यात आणायची होती. तेथे समोरासमोरचा सामना शक्यच नव्हता. तेंडुलकरांनी दिगू टिपणीस हा वार्ताहर दुवा म्हणून वापरला. तो सर्वत्र जातो, सर्व पाहतो आणि काहीही बदलू शकत नाही. मंत्रिमंडळातील बंड तडजोडीत विरते आणि सत्ता पुन्हा पूर्ववत चालू लागते, तेव्हा उद्ध्वस्त होतो तो फक्त पाहणारा. या पात्रात पत्रकार तेंडुलकर किती आहेत आणि पत्रकार साधू किती, हे वेगळे काढता येणार नाही. शांता निसळ यांच्या ‘बेघर’वरून झालेल्या ‘उंबरठा’तही (१९८२) अशीच निवड दिसते. महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून घराबाहेर पडलेली सुलभा महाजन परत येते, तेव्हा तिची जागा घरात उरलेली नसते आणि ती पुन्हा निघते. तिला बेणारेसारखे स्वगत येथेही दिलेले नाही.

प्राध्यापिका : एक आक्षेप मात्र राहतोच, आणि तो माध्यमाचा नसून दृष्टीचा आहे. या पटकथांचा शेवट पाहावा. ‘निशांत’मध्ये खवळलेले गावकरी जमीनदारांना ठार करतात, ‘आक्रोश’मध्ये भाऊ बहिणीला मारतो, ‘अर्धसत्य’मधला उपनिरीक्षक अनंत वेलणकर गुंड पुढारी रामा शेट्टीचा गळा दाबतो आणि स्वतःला कायद्याच्या स्वाधीन करतो. प्रेक्षकाला संतापाच्या टोकावर नेऊन तेथेच सोडून देणे, याला विचार म्हणावे की केवळ आघात?

अध्यापक : ‘निशांत’च्या शेवटी जमाव अन्याय करणाऱ्यांना मारतो आणि त्याच भरात जमीनदारांच्या घरातील निरपराध सून रुक्मिणी हिलाही मारतो, आणि ज्या सुशीलेच्या अपहरणामुळे हे बंड पेटले तिलाही. प्रेक्षकाला सूडाचे समाधान मिळू नये याची काळजी लेखकाने तेथे घेतली आहे. ‘अर्धसत्य’मध्येही वेलणकरचा हात रामा शेट्टीच्या गळ्यावर जाण्याआधी कोठडीतील एका भुरट्या चोराच्या जिवावर उठलेला आहे, त्याचे क्रौर्य आणि त्याचा न्याय एकाच रागातून येतात, आणि त्या रागाचा उगम आईला मारणाऱ्या, मुलाला बळजबरीने पोलिसात घालणाऱ्या हवालदार बापात दाखवला आहे. हिंसा शोधणाऱ्याने तिचे कारण आणि तिची किंमत दोन्ही दाखवली, तर उत्तर देण्याचे बंधन त्याच्यावर नसते. शिवाय ‘मंथन’ आहेच. पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये घालून उभ्या केलेल्या त्या चित्रपटात बाहेरून आलेले डॉक्टर राव बदली होऊन निघून जातात, आणि दुधाची सोसायटी मोडणार असे वाटत असताना दलित वस्तीतला भोला ती हाती घेतो.

दूरचित्रवाणीच्या बाबतीत दोन्ही पक्षांना फारसे भांडण्याचे कारण उरत नाही. दूरदर्शनवर प्रायोजित मालिकांचे, म्हणजे जाहिरातदाराच्या खर्चाने तयार होऊन दर आठवड्याला दाखवल्या जाणाऱ्या कथामालांचे युग ‘हम लोग’पासून १९८४ मध्ये सुरू झाले, आणि पुढच्याच वर्षी बासू चटर्जी यांच्या ‘रजनी’ने तेंडुलकरांची कन्या प्रिया तेंडुलकर यांना घराघरांत नेले. ‘रजनी’त दर भागाला एक नागरी गैरसोय समोर येई आणि भाग संपण्यापूर्वी ती सुटे. तेंडुलकरांनी प्रिया यांनाच मध्यवर्ती ठेवून ‘स्वयंसिद्धा’ लिहिली. तिच्यातील आस्था खरी होती. परंतु आठवड्याच्या हप्त्यांचे, घरगुती प्रेक्षकाला सांभाळून चालणारे माध्यम या लेखकाच्या मौनाला फारसे मानवणारे नव्हते. त्यांचे पटकथालेखन मोठ्या पडद्यावर, सलग दोन तासांच्या अखंड अंधारातच पूर्ण उंचीला पोहोचले, असा निर्णय द्यावा लागतो.

दोन्ही भूमिका ऐकल्यावर असे म्हणता येते की नाटकाने तेंडुलकरांना माणूस बोलता बोलता कसा उघडा पडतो हे शिकवले, तर वृत्तपत्राने आणि हिंसेच्या अभ्यासाने ज्यांना बोलूच दिले जात नाही अशी माणसे त्यांना दाखवली, आणि त्या माणसांसाठी त्यांना निराळा लेखनप्रकार घडवावा लागला. तो त्यांनी मराठीत घडवला, हिंदीत पोहोचवला, आणि तो घडवताना आपले सर्वांत प्रसिद्ध कौशल्य बाजूला ठेवण्याची तयारी दाखवली. मराठी विद्यापीठांतील नाट्यविषयक अभ्यासक्रमांत ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ शिकवताना त्याच्या शेजारी ‘आक्रोश’ची पटकथा नेमावी आणि दोन आरोपींचा अभ्यास एकाच वर्गात व्हावा, तेंडुलकर पूर्ण वाचले गेले, असे त्यानंतरच म्हणता येईल.